गिअरबॉक्स गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

जानेवारी सरत आला की तासगाव तालुक्यातल्या रस्त्यांना उसंत राहत नाही. सावळज, मणेराजुरी, येळावी, बोरगाव, सगळीकडं द्राक्षांची काढणी सुरू असते आणि मागोमाग बेदाण्याच्या शेडवर माल पडू लागतो. पिकअप आणि ट्रॅक्टर यांच्या बरोबरीनं घरची बारा-पंधरा वर्षांची बोलेरो नाहीतर अल्टोही राबत असते. मजुरांना बागेत सोडायचं, औषधाचे डबे आणायचे, संध्याकाळी सांगलीला व्यापाऱ्याकडं जाऊन यायचं. नेमकी अशा वेळी गाडी गिअर घ्यायची बंद होते. गॅरेजात मिस्त्री एकदा गाडीखाली वाकतो, एकदा गिअर टाकून बघतो आणि म्हणतो, "मालक, बॉक्स गेलाय. बदलायला लागंल." पाठोपाठ आकडा येतो, आणि मालकाच्या डोक्यात गाडी विकून टाकायचा विचार घोळायला लागतो.

"बॉक्स गेला" या दोन शब्दांत दहा-बारा वेगवेगळे बिघाड मावतात. त्यातला सगळ्यात स्वस्त बिघाड दोन-तीनशे रुपयांत मिटतो, सगळ्यात महागाचा गाडीच्या किमतीलाच हात घालतो. आपला बिघाड यातला कुठला, हे कळायच्या आधी आकड्याला होकार देऊ नये आणि गाडी विकायलाही काढू नये. ते कळण्यासाठी बॉक्सच्या आत काय चालतं हे थोडं माहीत असावं लागतं. त्यात अवघड काही नाही. शांतपणे बघितलं तर शेतीची मोटर समजणाऱ्या माणसाला गिअरबॉक्सही समजतो.

गिअरबॉक्स लागतोच कशाला, इथून सुरुवात करू. इंजिनाला फार सावकाश फिरता येत नाही. मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्या झाल्या तरच ते तग धरतं, आणि पेट्रोल इंजिन असेल तर पाच-सहा हजारांच्या वर त्याला नेऊ नये. चाकाला मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. शिवाय भरलेली गाडी जागेवरून हलवायला लागणारा जोर आणि सपाट रस्त्यावर धावायला लागणारा जोर यात मोठा फरक असतो. लहान मोटारीत पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण साडेतीनास एक असतं, आणि पुढं डिफरन्शियलमध्ये आणखी चारास एक. म्हणजे इंजिनाच्या चौदा फेऱ्यांना चाकाची एक फेरी. इंजिन दोन हजारांवर फिरत असेल तर गाडी ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास जाते, पण चाकावर जोर चौदा पट येतो. पाचव्या गिअरला तेच प्रमाण सव्वातीनास एकच्या जवळ येतं. तेच इंजिन, त्याच दोन हजार फेऱ्या, पण गाडी साठ-पासष्टच्या वेगानं जाते आणि चढ आला की दम टाकते.

आता आतली रचना. पुष्कळांची समजूत अशी असते की गिअर टाकला की एक दातेरी चाक सरकून दुसऱ्यात जाऊन अडकतं. आजच्या गाड्यांत, रिव्हर्स सोडला तर, तसं होत नाही. सगळ्या जोड्या कायमच एकमेकींत गुंतलेल्या असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. तुम्ही दांडा हलवता तेव्हा आतला फोर्क एक बाही सरकवतो आणि ती बाही त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडून टाकते. अडचण एवढीच, की चाक आणि बाही वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात. चालत्या एस.टी.त चढणारा माणूस आधी चार पावलं गाडीबरोबर धावतो आणि वेग जुळला की पायरीवर पाय ठेवतो. ते धावण्याचं काम बॉक्समध्ये सिंक्रो रिंग करते. ही आतून निमुळती असलेली पितळेची कडी गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणानं दोघांचा वेग एक होतो आणि मग बाही आवाज न करता पुढं सरकते. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं ही युक्ती मोटारीत आणली. आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीपला कितीतरी वर्षं पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, म्हणून जुने ड्रायव्हर डबल क्लच मारायचे. ते कसब आता गेलं, कारण ती पितळेची कडी आपल्या वतीनं प्रत्येक वेळी स्वतः झिजते.

झिजणारे भाग बॉक्समध्ये मोजकेच आहेत. सिंक्रो रिंग, शाफ्टच्या टोकांची बेअरिंगं, फोर्कची टोकं, बाहीचे आणि गिअरचे छोटे जखडदाते, आणि ऑईल सील. मुख्य दातेरी चाकं आणि शाफ्ट कडक पोलादाचे असतात. ऑईल असेपर्यंत ते सहसा गाडीपेक्षा जास्त टिकतात. म्हणजे "बॉक्स गेला" हे ऐकल्यावर विचारायचा प्रश्न असा की यातलं काय गेलं? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न: बॉक्समधलंच गेलं आहे ना?

हा दुसरा प्रश्न मी मुद्दाम ठसवून लिहितो आहे, कारण गिअरची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी गाड्यांत दुखणं बॉक्सच्या बाहेर असतं. एक साधी परीक्षा घरच्या अंगणात करता येते. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून पुन्हा टाका. बंद गाडीत सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत एकही धड पडत नाही, असं असेल तर बॉक्सला दोष देऊ नका. क्लच पूर्ण सुटत नाही. केबल ताणली असेल, हायड्रॉलिक क्लच असेल तर सिलिंडर गळत असेल, नाहीतर प्रेशर प्लेटची बोटं झिजली असतील. केबल बदलणं किंवा ताण जुळवणं हे काही शे रुपयांचं काम आहे. बंद गाडीतही दांडा अडतो, सैल हलतो किंवा भलत्याच गिअरला जातो, असं असेल तर आधी दांड्यापासून बॉक्सपर्यंतची केबल, लिंकेज आणि त्यातले प्लास्टिकचे बुश बघायला लावा. जुन्या गाड्यांत ते बुश भुगा होऊन पडलेले असतात.

इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी त्या मानानं ओढत नाही, चढाला जळका वास येतो, ही लक्षणं क्लच प्लेटची. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला सावकाश जाताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिन एकटंच ओरडलं तर शंका उरत नाही. क्रेट खचाखच भरून मऊ मातीतून अर्ध्या क्लचवर गाडी काढायची सवय असेल तर प्लेट लवकर जाणारच. वडापला चाललेली जीप पुढं कुणी घरी वापरायला घेतली तर तिची प्लेट आधी तपासावी, कारण तिनं दिवसाला शेकडो वेळा थांबा घेतलेला असतो.

आता बॉक्सच्या आतली लक्षणं. एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, टाकताना कर्रकन आवाज येतो आणि बाकीचे सरळ पडतात, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली. गाडी न्यूट्रलला उभी, इंजिन चालू, क्लचवर पाय नाही, आणि घुर्रर्र असा आवाज येतोय. क्लच दाबला की तो थांबतो. हे इनपुट शाफ्टचं बेअरिंग. याच्या उलट, क्लच दाबला की आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग. ते बॉक्सच्या बाहेर, क्लचच्या घरात असतं. चालता चालता गिअर आपोआप सुटून दांडा न्यूट्रलला येत असेल तर जखडदाते घासले असतील, फोर्क झिजला असेल, नाहीतर फोर्कची दांडी जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग थकली असेल. पण कधी कधी इंजिनाचं रबरी माउंटिंग तुटल्यानं सगळं इंजिनच मागंपुढं हलतं आणि त्यानंही गिअर सुटतो, म्हणून माउंटिंग आधी बघावं. बोलेरोसारख्या मागच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत निघताना ठाक असा दणका बसतो तो बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा. वळणावर कटकट वाजतं तो पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाडीतल्या अ‍ॅक्सलच्या जॉइंटचा आवाज. यातल्या कशासाठीच गिअरबॉक्स बदलायचा नसतो.

रिव्हर्स टाकताना थोडा आवाज येणं मात्र बऱ्याच गाड्यांत दोष धरला जात नाही. रिव्हर्सला सहसा सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन क्षण थांबून टाकला की आवाज जातो.

एवढ्यानंतरही बॉक्स उतरवायचाच असं ठरलं तर खर्च कुठून कुठून येतो ते बघू. मारुतीच्या लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचा बॉक्स इंजिनाच्या शेजारी आडवा बसतो आणि डिफरन्शियल त्याच्या पोटातच असतं. तो काढायचा तर दोन्ही अ‍ॅक्सल ओढून काढायचे, इंजिनाला खालून टेकू द्यायचा, माउंटिंग सोडवायचं आणि बॉक्स बाजूनं खाली घ्यायचा. बोलेरोत बॉक्स इंजिनाच्या मागं उभ्या रेषेत असतो. प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉस मेंबर काढला की तो खाली येतो, पण वजनाला भारी असल्यानं पिट किंवा रॅम्प आणि दोन माणसं लागतात. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर ट्रान्स्फर केसचं ओझं आणखी. हे उतरवण्या-चढवण्याचं काम एका दिवसाचं धरा. आत रिंग एक बदला किंवा पाच, ही मजुरी तेवढीच पडते.

म्हणून बॉक्स एकदा खाली आला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांचा सेट, इनपुट शाफ्टचं सील, इंजिनाचं मागचं ऑईल सील, अ‍ॅक्सलची सील हे सगळं बघून घ्यावं. निम्म्याहून जास्त झिजलेली क्लच प्लेट "अजून चालंल" म्हणून तशीच बसवणं ही चुकीची काटकसर आहे. वर्षभरात तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. फ्लायव्हीलवर चट्टे पडले असतील तर लेथवर फेसिंग करून घ्यावं. मिरज-कुपवाडच्या औद्योगिक पट्ट्यामुळं चांगले लेथवाले आपल्याला जवळच मिळतात. बॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाला तडा गेला असेल तर अर्गन वेल्डिंग करणारेही.

बॉक्स खोलताना मालकानं शक्य असेल तर समोर उभं राहावं. पहिली गोष्ट बघायची ती ऑईल. ते एका स्वच्छ पसरट भांड्यात काढायला सांगा आणि उजेडात धरा. करड्या रंगाची बारीक चमक असेल तर ती जुन्या बॉक्सची नेहमीची झीज. पिवळसर सोनेरी चमक म्हणजे सिंक्रो रिंगचं पितळ. पोलादाचे टोकदार कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर काम मोठं आहे. खालच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा मऊ लेप बोटानं पुसून बघा. बोटाला काही टोचता कामा नये. ऑईल ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. बॉक्सच्या वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी छोटी नळी असते, गाडी पाण्यात बुडली की तिथून पाणी शिरतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगली आणि कृष्णाकाठच्या गावांत कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही आजही बाजारात फिरतात, म्हणून जुनी गाडी घेतानाही ही परीक्षा विसरू नये.

मग शाफ्ट बाहेर येतात. सिंक्रो रिंग तिच्या शंकूवर हातानं दाबून धरायची आणि रिंग व गिअर यांच्या मधल्या फटीत फीलर गेज घालायचा. नव्या रिंगला ही फट साधारण एक मिलिमीटर असते. रिंग झिजते तशी ती शंकूवर खोल बसते आणि फट कमी होते. अर्ध्या मिलिमीटरवर आली की रिंग बदलायची. नेमकं माप गाडीगणिक थोडं वेगळं असतं, पण एवढ्या एका मोजणीवरून "घालू का नको" हा वाद मिटतो. चांगला मिस्त्री गेज स्वतःहून लावतो. लावत नसेल तर आदरानं सांगावं, "मिस्त्री, तेवढं माप घेऊन दाखवा." बेअरिंग धुऊन, वाळवून, बोटात फिरवून बघायचं, खरखर लागली की ते गेलं.

आता रुपयांत बघू. दर गाडीप्रमाणं आणि गावाप्रमाणं बदलतात, तेव्हा पुढचा हिशोब नमुन्याचा समजावा. समजा पंधरा वर्षांची लहान पेट्रोल गाडी आहे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला आवाज आहे आणि बेअरिंग वाजतंय. टोचन करून आणायचे १,००० रुपये. बॉक्स उतरवणं-चढवणं ३,०००. खोलून जोडणं आणखी ३,०००. दोन सिंक्रो रिंग आणि तीन बेअरिंगं ४,५००. सील आणि सर्क्लिप ८००. क्लच सेट ४,०००. फ्लायव्हील फेसिंग ७००. ऑईल १,२००. बेरीज १८,२००. यात बॉक्सच्या पोटात गेलेला माल फक्त ५,३०० रुपयांचा, म्हणजे एकूण बिलाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. बाकीचा पैसा मजुरीचा, क्लचचा आणि आजूबाजूचा आहे. "बॉक्स बदलायला अठरा हजार" आणि "दुरुस्तीला अठरा हजार" ही दोन वाक्यं कानाला सारखी वाटतात, म्हणून बिल असं फोडून मागावं. बोलेरोसारख्या गाडीला क्लच सेट आणि बेअरिंगं मोठी असल्यानं हीच बेरीज दीडपट ते दुप्पट होते.

दुरुस्ती करायची नसेल तर जुन्या गाडीतून काढलेला चालू बॉक्स आणायचा, हा दुसरा मार्ग. सांगली, कोल्हापूर, पुणे इथल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात खपाच्या गाड्यांचे बॉक्स मिळतात. गिअरचे दात तुटलेत, कवच फुटलंय किंवा शाफ्ट ऑईलविना जळालाय, असा मोठा बिघाड असेल तर हा मार्ग बरोबर. दोन रिंगांसाठी मात्र तो मला पटत नाही, कारण आपण आपला ओळखीचा झिजलेला बॉक्स देऊन दुसऱ्याचा अनोळखी झिजलेला बॉक्स घेतो. घ्यायचाच तर मॉडेल आणि वर्ष जुळतंय का, इनपुट शाफ्टचे खाचे आपल्या क्लच प्लेटमध्ये बसतात का, माउंटिंगची भोकं, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर यांची जागा तीच आहे का, हे जुना बॉक्स शेजारी ठेवून बघावं. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक बॉक्स बदलतात. मारुती ८०० च आधी चार गिअरची होती, नंतर काही मॉडेलना पाच गिअर आले. शाफ्ट हातानं फिरवून प्रत्येक गिअर टाकून बघावा. कवचावर ताज्या वेल्डिंगची खूण शोधावी. आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत. चोरीच्या गाडीचे भाग याच वाटेनं विकले जातात. परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. आरटीओच्या कागदावर इंजिन नंबर आणि चॅसी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळं बॉक्स बदलला म्हणून आरसी बदलावी लागत नाही. इंजिन बदललं तर लागते.

तिसरा मार्ग कंपनीचा कोरा बॉक्स. हमी मिळते, मन शांत राहतं, पण खर्च बहुतेक वेळा दुरुस्तीच्या दुप्पट-तिप्पट. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. जुना अंदाज हातात असेल तर नवा दर विचारून घ्यावा. एरवी पंधरा वर्षांच्या गाडीला कोरा बॉक्स घालावा असं मला वाटत नाही.

इथवरचं सगळं हाताच्या गिअरच्या गाड्यांचं झालं. क्लचचं पेडल नसलेल्या गाड्याही आता जुन्या होऊ लागल्यात, आणि त्यांचा हिशोब वेगळा आहे. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमधून आपल्याकडं एएमटी आली. तिच्यातला बॉक्स साधाच असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम एक यंत्र करतं. अशी गाडी न्यूट्रलला अडकली तर आधी त्या यंत्राचं ऑईल, सेन्सर आणि बॅटरी तपासावी. अशक्त बॅटरीनंही ती हट्ट धरते. ते यंत्र बदलावं लागलं तर बॉक्सच्या दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे जातात, आणि क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते. हे काम ज्याच्याकडं स्कॅनर आहे त्यानंच करावं. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि दोन क्लचचे बॉक्स यांची दुरुस्ती तालुक्याच्या गावी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना धूळविरहित जागा आणि खास हत्यारं लागतात. बिल लाखाच्या पुढं जाऊ शकतं. अशी गाडी बंद पडली तर इंजिनानं फिरणारी चाकं रस्त्यावर ठेवून टोचन करू नका. इंजिन बंद असलं की आतला ऑईलचा पंप फिरत नाही आणि दहा-वीस किलोमीटरच्या ओढीत धड असलेला बॉक्सही जळतो. क्रेन किंवा सपाट ट्रकच मागवा.

गाडी कोणत्या कंपनीची यावरही बरंच ठरतं. शेवरलेनं २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. टवेरा, स्पार्क, फिगो, आयकॉन अशा गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांना बेअरिंगं आणि सील मापावरून मिळून जातात. सिंक्रो रिंग आणि फोर्क मात्र शोधावे लागतात. अशी गाडी असेल तर बॉक्स उतरवायच्या आधी भाग हातात आणा. खोललेली गाडी दीड महिना गॅरेजात पडून राहिली की जागेचं भाडं, हरवलेले नट आणि चिडलेला मिस्त्री, सगळं मालकाच्या अंगावर येतं.

आता मूळ प्रश्न: करायचं का विकायचं? लोक गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचं बिल यांची तुलना करतात. गाडी नव्वद हजारांची, खर्च अठरा हजार, म्हणजे पाचवा हिस्सा गेला, असं वाटतं. ही तुलना फक्त विकणाऱ्याच्या कामाची आहे. वापरणाऱ्यानं बघायचं ते असं, की ही गाडी गेली तर तिच्या जागी काय येणार आणि ते केवढ्याला पडणार. तीन लाखांची दुसरी जुनी गाडी बारा टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जावर घेतली तर महिन्याला सुमारे ६,६७० रुपये हप्ता बसतो, आणि तिच्या बॉक्सची काहीच खात्री नसते. अठरा हजारांची दुरुस्ती तीन वर्षं चालली तर महिन्याला ५०० रुपयांच्या आसपास पडते. इंजिन धूर ओकत नसेल, चॅसी आणि खालचा पत्रा गंजलेला नसेल, तर हाताच्या गिअरची जुनी गाडी दुरुस्त करणं जवळजवळ नेहमीच परवडतं.

एक खर्च मात्र याच पाटीवर मांडायला हवा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एमएच-१० ची तुमची गाडी चौदाव्या-पंधराव्या वर्षात असेल तर नूतनीकरणाचे ५,००० रुपये, त्यावर पर्यावरण कर आणि तपासणीसाठी करावी लागणारी किरकोळ कामं हेही धरा. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून हे शुल्क १०,००० झालंय. नोंदणी संपायला दोन महिने उरलेत, पत्रा कुजलाय आणि वर बॉक्सही गेलाय, अशी तिन्ही दुखणी एकदम आली तर गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी आणि ठेव प्रमाणपत्र घ्यावं, नव्या गाडीच्या करात त्याची सवलत मिळते. विम्याच्या भरवशावर राहू नका. साध्या पॉलिसीत झिजेमुळं झालेला यांत्रिक बिघाड धरला जात नाही.

दुरुस्ती झाल्यावर ऑईल कोणतं घातलं ते विचारून लिहून ठेवा. हाताच्या बहुतेक बॉक्सना जीएल-४ दर्जाचं ऑईल लागतं. डिफरन्शियलसाठीचं जीएल-५ "जास्त भारी" म्हणून त्यात ओतलं जातं, आणि त्यातली काही रसायनं पितळेच्या रिंगांना मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घालावं. चालवताना गिअरच्या दांड्यावर हाताचं ओझं ठेवू नये, कारण ते ओझं थेट आतल्या फोर्कवर जातं. क्लचच्या पेडलवर विसावलेला पाय रिलीज बेअरिंग खातो.

मिस्त्रीकडून अंदाज कागदावर घ्या, त्यात मजुरी आणि माल वेगळा लिहायला सांगा, आणि बदललेले जुने भाग पिशवीत घालून घरी आणा. आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, डिसेंबरात, गाडी एकदा पिटावर घ्या. बॉक्सच्या बाजूचा प्लग उघडून ऑईलची पातळी बघायला दहा मिनिटं लागतात आणि कमी भरलं तर शे-दोनशे रुपयांत काम होतं. तालुक्यात फुटलेले जे बॉक्स गॅरेजात येतात, त्यातले पुष्कळसे ऑईल संपल्यामुळंच गेलेले असतात.